ज्यूरी ड्यूटीचं समन्स आलंय? कॅलिफोर्नियातल्या नव्या मराठी नागरिकांसाठी

नागरिकत्वाच्या मुलाखतीसाठी १०० प्रश्नांची जी यादी आपण पाठ केली, तिच्यात एक प्रश्न होता: फक्त अमेरिकन नागरिकांवरच असलेली एक जबाबदारी सांगा. मान्य उत्तरं दोन होती, ज्यूरीत बसणं किंवा केंद्रीय निवडणुकीत मत देणं. बहुतेकांनी 'मत देणं' सांगितलं आणि विषय संपवला. दुसरं उत्तर मग कधीतरी टपालपेटीत येऊन पडतं, वर ठळक अक्षरांत 'ज्यूरी समन्स' असं छापलेलं.

'शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये' हे ऐकत वाढलेल्या घरात असा कागद आला की पहिला प्रश्न ठरलेला, 'अरे, काय केलंस तू?' तुम्ही काही केलेलं नाही. तुमच्यावर खटला नाही आणि तुम्ही साक्षीदारही नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी खटल्यात निवाडा द्यायला तुम्हाला बोलावलं आहे, आणि तेही चिठ्ठी काढावी तसं यादीतून नाव निघालं म्हणून. आपल्याकडे ज्यूरी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासून उरलीच नाही, त्यामुळे वडीलधाऱ्यांना विचारून काही कळण्याची सोय नाही. म्हणून हे लिहितोय.

खालचे आकडे आणि नियम कॅलिफोर्नियाचे आहेत, कारण मी तिथला. न्यू जर्सीत किंवा टेक्सासात राहत असाल तर सांगाडा हाच राहील, पण भत्ता, वयाची सवलत, किती दिवस यायचं, हे वेगळं असेल. ते तुमच्या समन्सवर वाचा.

पाकीट उघडल्यावर

आधी पाठवणारा कोण ते पाहा. बहुतेक वेळा ते तुमच्या काउंटीचं सुपीरियर कोर्ट असतं: सनीव्हेल, क्युपर्टिनो, सॅन होजेवाल्यांना सॅन्टा क्लारा काउंटीचं, फ्रीमॉन्टवाल्यांना अलामेडाचं. क्वचित ते केंद्रीय जिल्हा न्यायालय असतं. त्याचा कारभार पूर्ण निराळा आहे. ते आधी पात्रतेची प्रश्नावली पाठवतं आणि समन्स नंतर, आणि त्याचा भत्ताही वेगळा.

मग चार गोष्टी शोधा: तुमचा ज्यूरर नंबर, ग्रुप नंबर, तारीख आणि कोर्टाची इमारत. सॅन होजेत एकट्या काउंटीचीच कोर्टं वेगवेगळ्या इमारतींत आहेत. फौजदारी खटले हेडिंग स्ट्रीटवरच्या हॉल ऑफ जस्टिसमध्ये चालतात, दिवाणी डाउनटाउनमध्ये नॉर्थ फर्स्ट स्ट्रीटवर. पत्ता समन्सवरचाच धरा, गूगलला नुसतं 'कोर्ट' विचारू नका.

समन्सला उत्तर द्यायचंच असतं, ऑनलाइन किंवा पोस्टानं. ते ड्रॉवरमध्ये टाकून विसरून गेलात तर लगेच कुणी दारात येत नाही. आधी स्मरणपत्र येतं, पुढे कोर्टाची नोटीस येते, आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्यात दंड १,५०० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. दंडापेक्षाही मला वाटतं ते हे, की पाच मिनिटांचं काम अंगावर काढून त्याची फाईल कशाला होऊ द्यायची?

तुम्ही अजून नागरिकच नाही?

एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवर असणाऱ्यांनाही समन्स येतं, आणि दर वेळी त्यांची तारांबळ उडते. कारण साधं आहे. नावं निघतात ती मतदारयादी आणि डीएमव्हीच्या यादीतून, आणि २०२२ पासून राज्याचा आयकर भरणाऱ्यांच्या यादीतूनही. लायसन्स काढलं, टॅक्स भरला, की तुम्ही त्या पोत्यात आलात. तुमचा व्हिसा कोणता हे त्या यादीला ठाऊक नसतं.

करायचं एवढंच: प्रश्नावलीत 'मी अमेरिकेचा नागरिक नाही' ही खूण करून पाठवायची, आणि पुरावा मागितलाच तर प्रत जोडायची. नागरिक नसताना 'बघू तरी कसं असतं' म्हणून ज्यूरीत जाऊन बसायचं नाही. नागरिक असल्याचा खोटा दावा पुढे ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व दोन्हींच्या आड येतो. उलटा खोटेपणाही तितकाच वाईट. नागरिक झाल्यावर केवळ सुटायचं म्हणून 'नागरिक नाही' लिहिलंत, तर तुमचं नाव मतदारयादीत कसं, हा प्रश्न कुणीतरी विचारू शकतं.

नागरिकत्वाशिवाय पात्रतेच्या अटी फार नाहीत. वय १८ पूर्ण, त्या काउंटीत वास्तव्य, कुणाच्या कायदेशीर पालकत्वाखाली नसणं, सध्या गंभीर गुन्ह्याच्या शिक्षेत किंवा पॅरोलवर नसणं, आणि पुरेसं इंग्रजी. या 'पुरेशा' इंग्रजीवर जरा थांबतो.

इंग्रजीचं कारण कुणाचं खरं

दोन प्रकारची माणसं हे कारण देतात. पहिली म्हणजे आपले आईवडील. ५५ वर्षांवरचं वय आणि १५ वर्षं ग्रीन कार्ड, किंवा ५० वर्षांवरचं वय आणि २० वर्षं ग्रीन कार्ड, अशा लोकांना नागरिकत्वाची परीक्षा इंग्रजीत द्यावी लागत नाही. म्हणजे ज्यांना साक्षीदाराचं भराभर बोलणं अजिबात कळणार नाही असे आईबाबाही रीतसर नागरिक असतात आणि त्यांनाही समन्स येतं. त्यांच्यासाठी ही अट अगदी खरी आहे. प्रश्नावलीत सरळ लिहा की इंग्रजी समजत नाही. वय ७० किंवा जास्त असेल आणि तब्येतीचं कारण असेल, तर डॉक्टरच्या पत्राशिवायही सूट मागता येते.

दुसरी म्हणजे तुमच्याआमच्यासारखी, दिवसभर इंग्रजीत मीटिंगा घेणारी, पण कोर्टाचं नाव काढलं की 'माय इंग्लिश इज नॉट गुड' म्हणणारी. असं जजसमोर म्हणणाऱ्याला जज शांतपणे विचारतात, 'काम काय करता?' 'प्रोग्रॅम मॅनेजर' हे उत्तर आलं की मागच्या रांगेत खसखस पिकते. उच्चार मराठी वळणाचा असणं म्हणजे इंग्रजी अपुरं असणं नाही. २०२२ पासून कॅलिफोर्नियाच्या फौजदारी खटल्यांत तर एखाद्याला 'इंग्रजी मातृभाषा नाही' किंवा 'दुसरी भाषा येते' म्हणून वकिलानं वगळलं, तर ते कारण मुळातच अवैध धरलं जातं. आपल्या उच्चाराला कायद्यानं संरक्षण दिलंय आणि आपणच तो सबब म्हणून पुढे करायचा, हे काही बरं दिसत नाही.

तारीख पुढे नेणं, सूट मागणं

भारतवारीची तिकिटं काढलीत, मुलीची बारावीची परीक्षा आहे, ऑपरेशन ठरलंय? तारीख पुढे न्या. बहुतेक काउंट्यांत एकदा, साधारण तीन महिन्यांच्या आतली तारीख ऑनलाइनच निवडता येते, कारणसुद्धा फारसं विचारत नाहीत. माझा सल्ला असा, की दिवाळी, नाताळची सुटी आणि तिमाहीचा शेवट सोडून स्वतःला सोयीचा आठवडा आपणच निवडून टाकावा. दिलेली तारीख गैरसोयीची म्हणून कुरकुरत जाण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

पूर्ण सूट मात्र सहज मिळत नाही. नियमाचा शब्द 'अवाजवी अडचण' असा आहे. घरी तुमच्यावाचून सांभाळायला कुणी नाही असं लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, आजार असेल, रोजंदारी बुडून घरखर्चच अडणार असेल, प्रवासाचं काहीच साधन नसेल, तर कारण चालतं. अंगावर पिणारं बाळ असेल तर एक वर्षापर्यंत पुढे ढकलता येतं. गेल्या १२ महिन्यांत कुठल्याही कोर्टात ज्यूरीसाठी हजर राहिला असाल तरी सूट आहे. विद्यार्थ्यांना सरसकट सूट नाही, सुटीतली तारीख मागता येते. 'प्रोजेक्टचं रिलीज आहे' हे कारण नव्हे. मॅनेजरचं पत्र आणलंत तरी जज म्हणतील, कंपनी आठवडाभर तग धरेल.

स्टँडबायचा आठवडा

नवख्याचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. समन्सवर सोमवारची तारीख असते म्हणून माणूस सोमवारी सकाळी सुटी टाकून कोर्टात जाऊन उभा राहतो. बऱ्याच काउंट्यांत तसं नसतं. तुम्ही 'स्टँडबाय' असता. आदल्या संध्याकाळी, साधारण पाचनंतर, वेबसाइटवर किंवा फोनवर आपला ग्रुप नंबर तपासायचा. 'उद्या या', 'दुपारी पुन्हा तपासा', किंवा 'उद्या पुन्हा तपासा', यांपैकी काहीतरी सांगतात. खटले ऐनवेळी मिटतात, त्यामुळे कित्येक जणांचा अख्खा आठवडा नुसता तपासण्यात जातो आणि शुक्रवारी कळतं, तुमची सेवा पूर्ण झाली. होय, तीही सेवाच धरली जाते.

राज्यभर पद्धत 'एक दिवस किंवा एक खटला' अशी आहे. बोलावलं, दिवसभर बसवलं, कुठल्याच ज्यूरीत घेतलं नाही, तर त्या दिवशी मोकळे. घेतलं तर तो एक खटला संपेपर्यंत. बहुतेक खटले आठवड्याभराच्या आसपास आटपतात. लांबणारा असेल तर जज निवडीच्या वेळीच अंदाज सांगतात.

रोज संध्याकाळी मोबाइलवर गजर लावून ठेवा. मॅनेजरला आधीच्या आठवड्यातच सांगा की कदाचित एक दिवस, कदाचित पाच, कदाचित शून्य. कॅलेंडरवर काय टाकायचं ते त्यांना ठरवू दे.

बोलावलं त्या दिवशी

पार्किंगला आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेला धरून अर्धा तास लवकर निघा. तपासणी विमानतळासारखी असते, तेव्हा किल्ल्यांना लटकवलेला छोटा चाकू, कात्री घरीच ठेवा. कपडे ऑफिसला घालता तसे. हाफ पँट, स्लीपर नको. सोबत समन्स, एखादं जाडसर पुस्तक, चार्जर आणि स्वेटर. आत एसी गार असतो. दुपारची सुटी सहसा तासाभराहून मोठी असते, पण शाकाहारी माणसानं डबा न्यावा हे उत्तम.

ज्यूरी असेंब्ली रूममध्ये नोंद केली की एक व्हिडिओ दाखवतात, मग बसून राहायचं. हे बसून राहणं हाच त्या दिवसाचा मुख्य कार्यक्रम. काम करायला लॅपटॉप चालतो, वायफायचा भरवसा धरू नका. मग कधीतरी नंबर पुकारतात आणि पन्नास-साठ जणांचा जथा एका कोर्टरूमकडे निघतो.

आत जज, क्लार्क, शब्द न् शब्द टिपणारा रिपोर्टर, गणवेशातला बेलिफ, दोन्ही बाजूंचे वकील, आणि फौजदारी खटला असेल तर आरोपी. आरोपी बहुधा साध्या कपड्यांत, टेबलाशी वकिलाशेजारी बसलेला असतो. आपल्या डोक्यातला आरोपीचा पिंजरा इथे नाही. वकील कोण आणि आरोपी कोण हे कळायला काही वेळा दोन मिनिटं लागतात, आणि ते तसंच असायला हवं. शपथ सगळ्यांनी मिळून घ्यायची असते. देवाच्या नावानं घ्यायची नसेल तर गंभीरपणे 'प्रतिज्ञा करतो' असं म्हणायची मुभा आहे.

निवड: इथे खरं बोलणं हेच सगळं काम

आधी ज्यांची अडचण खरी आहे त्यांना जज वेगळं काढतात. मग बऱ्याच कोर्टांत १८ जणांना पुढे बोलावतात, १२ ज्यूरी बॉक्समध्ये आणि ६ समोरच्या खुर्च्यांवर. बाकीचे मागे बसून ऐकतात. नीट ऐका, कारण कुणी वगळला की त्याच्या जागी तुम्हाला बोलावतील आणि म्हणतील, 'आत्तापर्यंतचे प्रश्न ऐकलेत ना? तुमची काही वेगळी उत्तरं?'

सुरुवातीचे प्रश्न सोपे: कुठल्या भागात राहता, काम काय, जोडीदाराचं काम काय, घरात आणखी प्रौढ माणसं कोण, आधी कधी ज्यूरीत होता का. मग हळूहळू खोल जातात. नात्यात कुणी पोलीस, वकील? तुमच्यावर किंवा जवळच्यावर कधी गुन्हा घडलाय? पोलिसाची साक्ष आणि साध्या माणसाची साक्ष एकाच मापानं मोजाल का?

हा शेवटचा प्रश्न आपल्याला अवघड जातो. भारतात वाढलेल्या माणसाचं पोलिसांविषयीचं मत कुठल्या ना कुठल्या बाजूला झुकलेलं असतं. चौकीत गेलेला एक काका पुरतो, किंवा पोलीस खात्यातला एक मामा. ते तसं सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि उत्तर बरोबर की चूक अशी ही परीक्षा नाही. वकिलांना फक्त एवढं बघायचंय की या खटल्यात, या पुराव्याकडे तुम्ही मोकळ्या मनानं पाहू शकाल का.

दुसरा अवघड प्रश्न: 'आरोपी काहीच बोलला नाही, साक्षीला उभाच राहिला नाही, तर तुम्हाला काय वाटेल?' आपल्या तोंडात 'कर नाही त्याला डर कशाला' ही म्हण तयार असते. इथला कायदा नेमका याच्या उलट सांगतो. गप्प राहणं हा आरोपीचा हक्क आहे आणि त्याच्या गप्प राहण्यावरून ज्यूरीनं कुठलाही अर्थ काढायचा नाही. सिद्ध करण्याचं सगळं ओझं सरकारी पक्षावर. ही गोष्ट मनाला पटत नसेल तर तिथेच सांगा. पटल्यासारखं करून ज्यूरीत बसण्यापेक्षा ते प्रामाणिक.

चारचौघांत बोलता येणार नाही असं काही असेल, घरात झालेली मारहाण किंवा एखादी जुनी घटना, तर 'मला हे खासगीत सांगायचंय' म्हणा. जज बाजूला ऐकून घेतात.

लपवू मात्र नका, कारण उत्तरं शपथेवर असतात. २०१२ मध्ये ॲपल आणि सॅमसंगचा पेटंटचा मोठा खटला आपल्या सॅन होजेच्याच केंद्रीय न्यायालयात नऊ जणांच्या ज्यूरीपुढे चालला आणि एक अब्ज डॉलरहून जास्त भरपाईचा निकाल लागला. त्यानंतर सॅमसंगनं तक्रार केली की ज्यूरीच्या प्रमुखानं आपला एक जुना कोर्टातला वाद निवडीच्या वेळी सांगितला नव्हता. न्यायाधीशांनी त्या कारणानं निकाल रद्द करायला नकार दिला, पण तोवर त्या माणसाच्या जुन्या आयुष्याची जगभरच्या वर्तमानपत्रांत छाननी होऊन गेली होती. एका वाक्यात सांगून टाकलं असतं, तर यातलं काहीच उद्भवलं नसतं.

वकील दोन प्रकारे माणसं वगळतात. ठोस कारण दाखवून कितीही, आणि कारण न सांगता ठरावीकच, साधारण गंभीर फौजदारी खटल्यात प्रत्येक बाजूला १०. 'ज्यूरर नंबर सात, आभारी आहोत, तुम्ही जाऊ शकता' असं ऐकलंत तर मनाला लावून घेऊ नका. इंजिनिअर फार चिकित्सा करतात असं एखाद्या वकिलाला वाटतं, दुसऱ्याला नेमका तसाच माणूस हवा असतो.

आणि ते व्हॉट्सॲपवरचे उपाय, 'सांग की सगळे आरोपी गुन्हेगारच असतात, लगेच सोडतील', ते करू नका. जजनी ते वर्षानुवर्षं ऐकलेलं असतं, आणि भरल्या कोर्टात ते प्रेमानं तुम्हाला त्यावर अर्धा तास बोलतं करू शकतात.

निवडलं गेलात तर

बारा जण आणि शिवाय एक-दोन पर्यायी ज्यूरर. पर्यायी असाल तर सगळा खटला ऐकायचा, पण कुणी आजारी पडलं तरच मत द्यायचं. त्यातही लक्ष तेवढंच द्यावं लागतं, आणि ते जरा जिवावर येतं.

खटल्याचा क्रम: दोन्ही बाजूंची सुरुवातीची मांडणी, मग साक्षीदार, सरतपासणी, उलटतपासणी, वस्तू आणि कागद, शेवटचे युक्तिवाद, जजच्या सूचना. वकील जे बोलतात तो पुरावा नव्हे. हे जज अनेकदा सांगतात आणि तरी ते विसरायला होतं, कारण वकील बोलतात छान. वही देतात, टिपणं काढा. ती कोर्टातच ठेवायची, घरी न्यायची नाहीत. साक्षीदाराला काही विचारायचं असेल तर चिठ्ठीवर लिहून बेलिफकडे द्यायचं. विचारायचं की नाही ते जज ठरवतात.

आता सगळ्यात कडक नियम. खटला संपेपर्यंत त्याबद्दल कुणाशीही बोलायचं नाही. नवऱ्याशी नाही, बायकोशी नाही, पुण्याच्या आईशी तर नाहीच. फॅमिली ग्रुपवर 'आज खुनाची केस!' असं टाकायचं नाही. सहज्यूररांशीसुद्धा, सगळा पुरावा संपून खोलीत बसेपर्यंत, खटल्याबद्दल बोलायचं नाही. आरोपीचं नाव गूगल करायचं नाही, घटनेची जागा बघायला जायचं नाही, नकाशावर चौक मोठा करून पाहायचा नाही, एआयला विचारायचं नाही. आपल्यातल्या सॉफ्टवेअरवाल्यांना हे फार जड जातं. माहिती अपुरी वाटली की बोटं आपोआप चालतात. पण तुम्ही बाहेरून आणलेली माहिती उलट तपासायची संधी कुठल्याच वकिलाला मिळत नाही, म्हणून ती आत यायची नाही. एका ज्यूररच्या शोधाशोधीमुळे खटला पुन्हा पहिल्यापासून चालवावा लागू शकतो आणि त्या ज्यूररवर अवमानाची कारवाई होऊ शकते. घरी एवढंच सांगा, 'ज्यूरीत आहे, संपल्यावर सांगीन.'

एक नियम खास आपल्यासारख्या दोन-तीन भाषा येणाऱ्यांसाठी. साक्षीदार हिंदीत किंवा मराठीत बोलला आणि कोर्टाच्या दुभाष्यानं त्याचं इंग्रजी केलं, तर ज्यूररनं ते इंग्रजीच पुरावा धरायचं, स्वतःला मूळ कळत असलं तरी. कारण बाकीच्या अकरा जणांनी तेच ऐकलंय. दुभाष्याची चूक झाली असं वाटलं, तर शेजाऱ्याच्या कानात सांगायचं नाही, चिठ्ठी लिहून जजना कळवायचं.

बारा जण, एक खोली

सगळं ऐकून झालं की बेलिफ तुम्हाला एका खोलीत नेऊन दार लावून घेतो. पहिलं काम प्रमुख निवडणं. अनेकदा जो पहिल्यांदा बोलतो तोच होतो. ते बरं नव्हे. सगळ्यांना बोलू देईल असा माणूस निवडा, आणि तो तुम्हीच असाल तर नको म्हणू नका.

माझं मत विचाराल तर, आत गेल्या गेल्या हात वर करून मतदान घेऊ नका. एकदा माणसानं 'दोषी' म्हटलं की पुढे तो पुरावा तपासत नाही, स्वतःचा शब्द सांभाळत बसतो. आधी जजच्या लेखी सूचना घ्या. गुन्ह्याचे घटक त्यात एकेक करून दिलेले असतात. प्रत्येक घटकासमोर लिहा, यासाठी कुठला पुरावा आला. एखादी साक्ष आठवत नसेल तर चिठ्ठी पाठवून रिपोर्टरकडून वाचून घेता येते. आपली माणसं एक तर फार बोलतात, नाहीतर 'मोठे बोलतायत, आपण कशाला' म्हणून गप्प बसतात. इथे कुणी मोठा नाही. निवृत्त प्राध्यापकाचं मत एक आणि कॉस्टकोत काम करणाऱ्या पोराचंही एकच.

फौजदारी खटल्यात सरकारी पक्षानं आरोप 'वाजवी संशयापलीकडे' सिद्ध करावा लागतो. कल्पनेतला कुठलाही संशय नको, पण मनात टिकून राहील अशी खात्री हवी. 'केलं असेल बहुतेक' एवढ्यावर दोषी ठरवायचं नाही. दिवाणी खटल्यात माप हलकं असतं, एका बाजूचं म्हणणं खरं असण्याची शक्यता जास्त वाटली की पुरे, आणि १२ पैकी ९ जणांचं मत चालतं. फौजदारीत मात्र बाराच्या बारा जणांचं एकमत लागतं.

हे एकमत किती मोठी गोष्ट आहे ते आपल्याच इतिहासावरून कळतं. १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा ज्यूरी नऊ जणांची होती, सात युरोपीय आणि दोन पारशी. कौल ७ विरुद्ध २ असा दोषी पडला, तेवढा पुरला, आणि सहा वर्षं मंडाले. आज कॅलिफोर्नियात त्या दोघांनी 'नाही' म्हटलं असतं तर दोषी हा निकाल लागलाच नसता. १९५९ च्या नानावटी खटल्यात उलटं झालं. ज्यूरीनं ८ विरुद्ध १ असा निर्दोष कौल दिला, तो सेशन्स जजना मान्य झाला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. ती १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम केली. इथे ज्यूरीनं निर्दोष म्हटलं की विषय संपला. जजना तो फिरवता येत नाही, सरकारला त्यावर अपील नाही.

म्हणून अकरा विरुद्ध एक अशी वेळ आली आणि तो एक तुम्ही असलात, तर दोन गोष्टी करा. पुन्हा मनापासून ऐका, पटलं तर मत बदला. नाही पटलं तर बदलू नका. 'शुक्रवारची दुपार आहे, सगळे खोळंबलेत' हे मत बदलायचं कारण नाही. एकमत झालंच नाही तर जज खटला अनिर्णित ठरवतात. तो तुमचा अपराध नसतो. शिक्षा किती द्यायची याचा विचारही करायचा नाही, ते काम जजचं. (देहदंडाचा प्रश्न असलेले खटले वेगळे.)

निकाल उघड्या कोर्टात वाचतात आणि मागणी झाली तर एकेका ज्यूररला विचारतात, 'हा तुमचा निकाल आहे का?' तेव्हा 'यस' म्हणताना आवाज थोडा कापतो. कापू दे. फौजदारी खटल्यात तुमची ओळख नंबरानं असते, आणि निकालानंतर नाव-पत्ता सीलबंद ठेवतात.

पैसे आणि नोकरी

कॅलिफोर्निया पहिल्या दिवसाचं काही देत नाही. दुसऱ्या दिवसापासून रोजचे १५ डॉलर आणि थोडा प्रवासखर्च. दुपारचं जेवणही त्यात धड होत नाही. केंद्रीय न्यायालय रोजचे ५० देतं. सॅन फ्रान्सिस्कोत २०२२ पासून कमी उत्पन्नाच्या ज्यूररांना रोजचे १०० डॉलर देण्याचा प्रयोग सुरू झाला. तिथे राहत असाल तर तो अजून चालू आहे का, याची चौकशी करा.

ज्यूरीला गेलात म्हणून मालक तुम्हाला काढू शकत नाही, रीतसर आधी कळवलेलं असलं की झालं. त्या दिवसांचा पगार देण्याची सक्ती मात्र खासगी कंपनीवर नाही. बऱ्याच मोठ्या कंपन्या काही दिवसांचा देतात, लहान दुकानं आणि कंत्राटी कामं बहुधा नाही. एचआरचं धोरण आधी वाचा.

फोनवरचे भामटे

'मी शेरीफ ऑफिसमधून बोलतोय, तुम्ही ज्यूरी ड्यूटी चुकवली, अटक वॉरंट निघालंय, आत्ता पैसे भरा.' हा फोन येतो, आणि तो फसवणुकीचाच असतो. खरं कोर्ट फोनवर दंड वसूल करत नाही, गिफ्ट कार्ड किंवा झेलनं (Zelle, बँकेतून पैसे पाठवायची सोय) पैसे मागत नाही, सोशल सिक्युरिटी नंबर विचारत नाही. फोन ठेवा आणि समन्सवरच्या नंबरावर स्वतः विचारा. घरी भारतातून आलेले आईबाबा असतील तर त्यांना हे आधीच सांगून ठेवा. पोलिसाचं नाव ऐकून घाबरतात ते तेच.

सुटल्यावर

निकाल लागला की बोलायची बंदी उठते. बाहेर वकील थांबलेले असतात. आमचं कुठे चुकलं, काय पटलं, असं विचारतात. बोलायचं की नाही ते सर्वस्वी तुमच्यावर. नको म्हटल्यावर कुणी मागे लागलं तर कोर्टाला कळवा. खटल्याच्या माहितीबद्दल कुणाकडून पैसे घ्यायचे तर निकालानंतर किमान ९० दिवस तसा सौदाही करता येत नाही.

निघण्यापूर्वी ज्यूरी ऑफिसमधून हजेरीचं प्रमाणपत्र मागून घ्या. एक प्रत एचआरला द्या, एक स्वतःकडे ठेवा. पुढच्या १२ महिन्यांत काउंटीच्या कोर्टाचं दुसरं समन्स आलं, तर सूट मागताना तीच प्रत लागते.